फरक आहे, असं मी म्हणाले

मिल बंद झाली तेव्हा ह्यांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, सगळ्यात जड गेली ती सकाळ. भोंगा वाजायचा थांबला होता, पण हे त्याच वेळी उठत. अंघोळ, दाढी, बूट, सगळं तसंच. आणि मग आमच्या चाळीच्या दारात उभं राहून रस्त्याकडे बघत. रस्त्यावर त्यांच्यासारखेच आणखी काहीजण बूट घालून उभे असत. कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नसे.

हे मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. सासरेही तिथेच कारकून होते. इंदूरच्या एकेक मिला थंड पडत गेल्या तरी आपली मिल चालेल, असंच आमच्या घरात सगळे धरून चालले होते. ती थांबली तेव्हा मुलगा शाळेत होता आणि मी घरीच होते.

हे स्वस्थ बसणारे नव्हतेच. आधी पंख्यांच्या आणि कूलरच्या मोटरी दुरुस्त केल्या. मग कपडे धुवायच्या पावडरची एजन्सी घेतली. मग एका मित्राबरोबर एसटीडी बूथ काढायचं ठरलं, तर तो मित्र ऐनवेळी गौतमपुऱ्याला भावाच्या शेतीवर निघून गेला. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता बूड टेकतील. ते होत नव्हतं. खुर्चीवर बसले तरी पाय हलत असायचा.

"अहो, पाय थांबवा ना, पूरा टेबल हलून राहिलाय," मी म्हणायचे. दोन मिनिटं पाय थांबायचा, मग परत सुरू.

गिटार मांडीवर असली की मात्र तो हलत नसे.

मिलचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. गणपतीत कामगारांसाठी कार्यक्रम व्हायचे, त्यात हे गिटार वाजवत. लग्नाच्या आधीच घेतलेली, कलकत्त्याकडच्या बनावटीची, प्लायची गिटार. पॉलिश उडालेलं, एका बाजूला मोटरच्या वायरची टेप चिकटवलेली. मिल गेली तसा ऑर्केस्ट्राही पांगला. ड्रमवाला सुरतला गेला, गाणारा भाजीच्या धंद्यात पडला. हे घरात बसून एकटेच वाजवत, पण नुसती साथ वाजवायचे. गाणं नाही आणि खाली नुसती साथ, असं ते ऐकायला कसंतरीच वाटायचं.

मी पलासियाला एका डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये लागले. रिसेप्शनला. फोन घ्यायचा, नावं पुकारायची, पेशंट घाबरला असेल तर दोन शब्द बोलायचे. क्लिनिक पहिल्या मजल्यावर होतं आणि माझ्या खुर्चीतून समोरच्या बाजूचं वाद्यांचं दुकान दिसायचं. आधी तिथे हार्मोनियम, तबले, शाळेच्या बँडचे ड्रम असं असायचं. मग बाहेरचा माल देशात मोकळा यायला लागला, आणि त्या दुकानाला खालपासून वरपर्यंत काच लागली. काचेत गिटारी टांगल्या गेल्या. पिवळसर, तपकिरी, चकचकीत.

एका संध्याकाळी हे मला घ्यायला आले. मी खाली उतरले तर हे गायब. बघते तर समोर काचेच्या आत बसलेले, मांडीवर एक नवी गिटार, आणि दुकानाचा मालक समोर हाताची घडी घालून उभा. मी आत गेले तोवर दोन गिऱ्हाइकंही थांबून ऐकत होती.

"भिया, कहाँ बजाते हो?" मालकानं विचारलं.

"मिल में बजाता था," हे म्हणाले.

मालक हसला नाही. म्हणाला, "कल से इधर आ जाओ. माल मेरे पास अच्छा है, पर बजा के बताने वाला कोई नहीं. ग्राहक तार पे एक उँगली मारता है और दाम सुनके चला जाता है."

अशी ह्यांना नोकरी लागली. काम एवढंच की कोणी आलं की गिटार काढायची, सुरात लावायची आणि वाजवून दाखवायची. मला वरून हे दिसत असत. मध्ये पलासियाची ती गाड्यांची गर्दी, हॉर्न, सवाऱ्या भरलेल्या टेम्पोंचा धूर. त्यामुळे ऐकू काहीच यायचं नाही. नुसते ह्यांचे हात हलताना दिसायचे आणि समोरच्या माणसाचा चेहरा हळूहळू बदलताना दिसायचा. तो चेहरा बदलला की मला कळायचं, गिटार विकली गेली.

घरी आल्यावर हे एकाच गिटारीबद्दल बोलायचे. काचेत उजवीकडे टांगलेली, दुकानातली सगळ्यात महाग. तिची वरची पाटी प्लायची नव्हती, अखंड लाकडाची होती, आणि पाठ शिसवाची.

"शिसव आपलंच असतं," हे सांगायचे. "इथून तिकडे जातं आणि गिटार होऊन परत येतं. येताना भाव बघ कसा होतो."

"मग ती एवढ्याची आहे का खरंच?"

"तेच तर कळत नाही. मी वाजवतो तेव्हा वाटतं आहे. घरी येताना टेम्पोत बसलो की वाटतं, लाकूड ते लाकूड, तारा त्या तारा, कशाला एवढे पैसे."

आमच्या तेव्हाच्या हिशेबात ती गिटार घेणं म्हणजे मूर्खपणा होता. तसं मी एकदा बोललेही. ह्यांचा पाय हलायला लागला.

त्या उन्हाळ्यात दुकानात एक बाई आल्या. ओल्ड पलासियातल्या, बंगलेवाल्या. मागच्याच महिन्यात त्यांनी मुलीसाठी दुसरीच एक महागातली गिटार नेली होती, ह्यांनीच वाजवून दाखवलेली. आता त्या तक्रार घेऊन आल्या होत्या. दुकानात इतकी छान वाजत होती, घरी डब्यासारखी वाजते; बदलून द्या नाहीतर पैसे परत द्या. मालकानं ह्यांना त्यांच्या घरी जाऊन बघून यायला सांगितलं.

हे गेले. रात्री जेवताना मला सगळं सांगितलं. मुलीची खोली एसीची होती, गिटार पलंगावर पालथी टाकलेली. ह्यांनी ती उचलली, तारा सुरात लावल्या आणि वाजवली. दुकानात वाजली तशीच वाजली. बाई म्हणाल्या, बघा, तुमच्याकडून कशी वाजते, म्हणजे तुम्ही काहीतरी दुरुस्त केलंत. हे म्हणाले, मी फक्त सूर लावला. मग बाई फोन घ्यायला आत गेल्या, तशी ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "अंकल, गिटार ठीक है. मुझे ही नहीं आती. और इतनी महंगी है कि हाथ लगाते डर लगता है. मम्मी को मत बोलना."

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"बाईंना सांगितलं, चार-सहा महिने हात बसू द्या, आवाज उघडेल. खोटं नव्हतं ते." पोळीचा तुकडा हातातच राहिला होता. "पण मला सांग, मी तिथे काय विकतोय? गिटार, की माझा हात? लोक हात ऐकतात आणि गिटार घेऊन जातात. घरी गेल्यावर हात नसतो."

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी नवं सुरू केलं. शिकणारा कोणी आला की त्यालाच वाजवायला लावायचं. दोन गिटारी त्याच्या हातात द्यायच्या, एक स्वस्त आणि एक महाग, आणि म्हणायचं, जी हाताला सोपी वाटेल ती घे. बहुतेक जण स्वस्तातली घेऊन जात. मालक वैतागला. "भिया, आप तो मेरी दुकान बंद कराओगे," असं त्याने सगळ्यांसमोर सुनावलं. पण काढून टाकलं नाही. लोक भाऊ-बहिणींना, मित्रांना घेऊन परत येत होते.

ह्यांचं स्वतःचं मात्र काही सुटत नव्हतं. ती उजवीकडची गिटार कोणी विचारली की हे नाराजीनेच काढून देत. विकली गेली नाही की खुशीत घरी येत. मला हे सगळं दिसत होतं आणि त्याचा त्रासही व्हायला लागला होता. कपड्यांच्या घड्या घालताना, क्लिनिकमध्ये नावं पुकारताना, डोक्यात तेच. घ्यायची असेल तर घ्या, नसेल तर सोडा, पण असं अधांतरी किती दिवस राहायचं?

एके दिवशी दुपारी क्लिनिक बंद होतं आणि मालक जेवायला गेलेला. हे म्हणाले, "तू ये. मला एक बघायचंय." आपली जुनी गिटार त्यांनी सकाळीच दुकानात नेली होती. मला त्यांनी तबल्यांच्या मांडणीकडे तोंड करून बसवलं.

"मागे वळायचं नाही. मी एकच चीज दोन्हींवर वाजवतो. तुला फरक वाटला तर सांग. नाही वाटला तर नाही सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच तू हवीस."

ह्यांनी वाजवलं. मग थांबले, गिटार बदलल्याचा आवाज झाला, पुन्हा तेच वाजवलं. काय वाजवलं ते मला आता आठवत नाही, पण सावकाश काहीतरी होतं, सुट्या सुट्या सुरांचं. पहिल्या वेळी सूर वाजला की लगेच खाली बसत होता. दुसऱ्या वेळी तो जरा उभा राहत होता, इकडे तिकडे बघितल्यासारखा, आणि मग जात होता. जाताना पुढच्या सुराला भेटून जात होता. मी तबल्यांच्या चामड्याकडे बघत बसले होते.

मला समजत होतं की ह्या माणसाला सुटायचंय. मी "काही फरक नाही" म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. आमच्या घराचा विचार केला तर तसंच म्हणायला हवं होतं.

"फरक आहे," असं मी म्हणाले. "दुसरी चांगली आहे. फारच चांगली."

वळून बघितलं तर हे नवी गिटार मांडीवर ठेवून बसले होते, कपाळाला आठ्या.

"तू खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं," हे म्हणाले.

"मग मला बोलावलंत कशाला?"

मी घरी येऊन सगळी भांडी परत घासली, घासलेलीच होती तरी.

त्यानंतर घ्यायचं ठरलं, पण गिटारीचा भाव आमच्यापुढे पळायला लागला. मालक म्हणायचा, डॉलर चढला. मग म्हणायचा, ड्यूटी बदलली. जुनं लेबल न काढता तो त्यावरच नवं चिकटवायचा; हळूहळू त्या लेबलाची जाडी वाढत गेली. आम्ही मनाची तयारी करून जावं तर आकडा पुढे सरकलेला. हे म्हणायचे, "थांबू या, उतरेल." मी म्हणायचे, "आजवर काय उतरलंय सांगा." गॅस महागला, मुलाच्या कोचिंगची फी वाढली, आणि गिटारही त्याच रांगेत उभी.

शेवटी मीच एके दिवशी मधल्या सुट्टीत रस्ता ओलांडून गेले आणि मालकाला विचारलं, "भाईसाब, इनको कितने में दोगे? सच्ची बोलना." तो बराच वेळ कॅल्क्युलेटरशी खेळला. मग म्हणाला, "भाभीजी, इतने साल इन्होंने ही बजाई है, वैसे भी सेकंडहैंड हो गई. जितने में मुझे पड़ी उतने में ले जाओ. पगार में से काटता जाऊँगा." हे तिथेच होते. ह्यांचा चेहरा मी प्रथमच बदलताना बघितला, त्या गिऱ्हाइकांसारखा.

टेम्पोत गिटारीची केस मी उभी धरून आणली. शेजारच्या माणसाने विचारलं, "क्या है इसमें?" मी म्हटलं, "फ्रिज."

मला वाटलं होतं, आता घरात शांतता येईल. झालं उलटंच. अखंड लाकूड कोरड्या हवेत तडकतं, असं मालकानं बजावलं होतं, आणि आमच्या मे महिन्यात तर दारांच्याही चौकटी तडकतात. केसमध्ये भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवायचा होता. तो रोज ओला करायचं काम माझ्याकडे आलं. हे कामावरून आले की आधी केस उघडून बघत, हात फिरवत, परत बंद करत. शेजारची मुलं खेळायला आली की केस पलंगाखाली सरकवत. वाजवायला काढलीच तर शर्टाची बटणं लागू नयेत म्हणून मांडीवर टॉवेल. पंधरा मिनिटांत परत आत.

"अहो, वाजवायला आणली की झोपवायला?"

"सवय होऊ दे."

सवय काही होईना. जुनी गिटार खुंटीवर होती, ती हे जेवताना, बातम्या बघताना, बोलता बोलता काढायचे. नवीनसाठी मात्र वेळ काढावा लागायचा, आणि वेळ निघत नसे.

मग विजयनगरकडे एक मोठं हॉटेल झालं. त्यांना कॉफी शॉपमध्ये संध्याकाळी बसून गिटार वाजवणारा हवा होता. दुकानाच्या ओळखीतून ह्यांना ते काम मिळालं. दुकानातून सुटले की तिकडे. आता कुठे त्या गिटारीचं सोनं होणार, असं हे म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, केस हातात, मोठ्या रुबाबात गेले. आठवडाभराने मलाही बोलावलं.

मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. एक कॉफी मागवली, ती संपवायची नाही असं ठरवून, म्हणजे उठावं लागणार नाही. हे थोड्या उंच जागेवर बसलेले. गिटारीच्या भोकाशी माइक लावलेला आणि आवाज छतातल्या स्पीकरमधून येत होता. कप-बशा वाजत होत्या, लोक मोबाइलवर जोरजोरात बोलत होते. तेव्हा मोबाइल नवे होते, लोक ते चारचौघांत काढायला कारणच शोधत. हे वाजवत होते, छान वाजवत होते. पण मी कितीही कान दिला तरी तो सूर उभा राहत नव्हता. स्पीकरमधून यायचा आणि कपांमध्ये पडायचा.

परतताना ह्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

मी सांगितलं, "तिथे तुमची जुनी नेली तरी कोणाला कळणार नाही. मलासुद्धा."

हे चिडतील असं वाटलं होतं. हे नुसते चालत राहिले. दुसऱ्या दिवशी केस घरी ठेवून खुंटीवरची जुनी घेऊन गेले, टेपसकट. परत आले तेव्हा हसत होते. "कोणी काही बोललं नाही. मॅनेजर तर म्हणाला, आज आवाज जास्त साफ आला."

त्यानंतर नवी गिटार कधी घराबाहेर गेली नाही. हे सकाळी वाजवायला लागले. मी भाजी चिरायची, कुकरची शिट्टी व्हायची, शेजारच्या नळावर बादल्या लागलेल्या असायच्या, आणि आमच्या त्या दोन खोल्यांमध्ये ती गिटार वाजायची. टॉवेल केव्हा गेला ते लक्षातही आलं नाही. कधी कधी सूर इतका वेळ उभा राहायचा की माझी सुरी थांबायची.

"एवढी महागाची वस्तू," हे एकदा म्हणाले, "आणि ऐकणारी एक."

"दोन," मी म्हटलं. "तुम्ही धरून."

आता आम्ही चाळीत राहत नाही. मुलगा पुण्याला आहे आणि आम्ही दोघं बायपासजवळच्या एका फ्लॅटमध्ये. फ्लॅटमध्ये सगळीकडे गुळगुळीत टाइल्स आहेत, त्यामुळे गिटार जरा कर्कश वाजते असं ह्यांचं म्हणणं. इथे आल्यापासून हे खुर्ची ह्या खोलीतून त्या खोलीत नेऊन बसतात. दिवाणखाना, मग पॅसेज, मग बाल्कनी, परत आत. दारामागे जाजम टांगून बघितलं. पाय परत हलायला लागलाय.

वरच्या मजल्यावरची एक शेजारीण मध्यंतरी विचारायला आली होती. तिच्या मुलीला चांगली गिटार हवीये, नवीन, अखंड लाकडाची, आणि भाव तर आता ऐकवत नाहीत. "काकू, एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?" मी तिला म्हटलं, आधी साधी घेऊन दे आणि सहा महिने वाजवू दे. मग मुलीला खाली पाठव, आमच्याकडची वाजवून बघू दे. तिला स्वतःला फरक ऐकू आला तर घे, नाही आला तर वाचलीस. "आणि तिला ऐकू आला, पण आम्हाला परवडली नाही तर?" तिने विचारलं. मी तिला चहा दिला.

काल हे दुपारी न सांगता बाहेर पडले. संध्याकाळी आले तेव्हा कपाळाला आठ्या.

"कुठे गेला होतात?"

"पलासियाला. नवीन माल आलाय. एक वाजवून बघितली."

"मग?"

ह्यांनी चपला काढून कोपऱ्यात सरकवल्या. "चांगली आहे," म्हणाले. "आपल्या गिटारीपेक्षा चांगली असेल. दुकानात गर्दी फार होती, नीट ऐकू आलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या सकाळी जरा लवकर जाऊ. तूही चल."

"मी नाही यायची," मी म्हटलं. पण रात्री झोपण्यापूर्वी मी सकाळची भाजी चिरून ठेवली.